शाळेचे दप्तर उघडताना

अनेक माध्यमिक शाळांची शताब्दी, अमृतमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव जवळ आल्याने शाळेचा इतिहास कसा लिहावा याविषयीची पत्रे सध्या या सदराकडे अधिक येत आहेत. त्यांतील पाच निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची आणि शाळांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवरील शिलेवर एक साल आहे, शिक्षण खात्याच्या मान्यतापत्रावर त्यानंतर काही वर्षांनी येणारे दुसरे साल आहे आणि संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर तर तिसरेच आहे. शताब्दी कोणत्या वर्षी साजरी करावी यावरून समितीत दोन तट पडले आहेत. खरे स्थापना वर्ष कोणते मानावे?
(शताब्दी समितीचे एक सदस्य, सातारा जिल्हा)

उत्तर : तिन्ही साले खरी असण्याचीच शक्यता अधिक आहे, कारण ती तीन वेगवेगळ्या घटनांची आहेत. आपल्याकडील बहुतेक खासगी माध्यमिक शाळा एका दिवसात स्थापन झालेल्या नाहीत. आधी कोणाच्या तरी वाड्यात, धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत इंग्रजीचा एखादा वर्ग भरू लागे, पुढे दरवर्षी एकेक इयत्ता वाढवली जाई, खात्याचे निरीक्षक येऊन पाहून गेल्यावर मान्यता आणि अनुदान मिळे, आणि सर्वांत शेवटी मॅट्रिकच्या परीक्षेला विद्यार्थी पाठवण्याची मुभा मिळून ती पूर्ण हायस्कूल होई. या प्रवासाला कित्येक शाळांना दहा-पंधरा वर्षे लागली.

शाळा आणि तिची संस्था यांचे वय एकच असते, हेही गृहीत धरू नये. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये सुरू केले, तर ते चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी ऑक्टोबर १८८४ मध्ये स्थापन झाली. येथे शाळा संस्थेपेक्षा पावणेपाच वर्षांनी मोठी आहे. आपल्याच जिल्ह्यात नेमके उलटे उदाहरण सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापन केली, परंतु साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे हायस्कूल उभे राहिले ते १९४० मध्ये. मधली दोन दशके संस्थेचा भर मुख्यतः वसतिगृहांवर होता, आणि खेड्यातील मुलाला शाळेपेक्षाही आधी राहण्या-जेवण्याची सोय लागते, हे ओळखूनच तो ठेवलेला होता. पुणे नेटिव्ह इन्स्टिट्यूशन या नावाने १८६० मध्ये सुरू झालेल्या कार्याचे नाव १९२२ मध्ये महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाले. म्हणजे नाव बदलले तरी संस्था तीच राहते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

नोंदणी प्रमाणपत्रावरील सालाबाबत विशेष सावधगिरी बाळगावी. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. तो लागू झाल्यावर पूर्वीपासून चालू असलेल्या संस्थांनाही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करावी लागली, त्यामुळे शंभरी ओलांडलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर १९५० च्या दशकातील साल आढळले तर नवल नाही. तो स्थापनेचा पुरावा नव्हे. काही संस्था त्यापूर्वीच १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असत. तसे असेल तर ते प्रमाणपत्र निराळे असते आणि ते अवश्य शोधावे.

आमचे मत असे की, पहिला वर्ग ज्या दिवशी भरला आणि ज्याला कागदाचा आधार आहे, तो शाळेचा प्रारंभ मानावा, आणि मान्यतेची व पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीची वर्षे ग्रंथात त्यांच्या त्यांच्या जागी स्वतंत्रपणे नोंदवावीत. पहिल्या वर्गाचा कागद नसेल आणि केवळ वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावर ते साल शिलेवर कोरलेले असेल, तर ‘परंपरेने मानलेले स्थापना वर्ष’ असे स्पष्ट लिहावे. समारंभ त्या वर्षी करायला कोणाचीच हरकत असू नये, मात्र ग्रंथात दोन्ही गोष्टींची सरमिसळ होता कामा नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात ‘इंग्रजी तिसरी’, ‘इंग्रजी सातवी’, ‘व्ह. फा. पास’ अशा नोंदी आहेत. आजच्या इयत्तांशी त्यांचा मेळ कसा घालावा?
(एक निवृत्त मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : मराठी चौथीपर्यंतचे शिक्षण झाल्यावर विद्यार्थी इंग्रजी शाळेत जाई आणि तेथे इयत्ता पुन्हा पहिलीपासून मोजत. म्हणून इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी तिसरी म्हणजे सातवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे अकरावी, अर्थात मॅट्रिकचा वर्ग. इंग्रजीच्या पहिल्या तीन इयत्ता असलेली शाळा ती मिडल स्कूल किंवा ए. व्ही. (अँग्लो-व्हर्नाक्युलर) स्कूल, आणि इंग्रजी चौथीपासून पुढे हायस्कूल, अशी साधारण विभागणी होती. ‘व्ह. फा.’ म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी शाळेच्या शेवटी होणारी परीक्षा. ती उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्यासारखी नोकरी मिळू शके, त्यामुळे ग्रामीण भागात तिला मोठी प्रतिष्ठा होती. ती देऊन मग इंग्रजी शाळेत आलेला मुलगा वर्गातील इतरांपेक्षा वयाने बराच मोठा असे. रजिस्टरात एकाच इयत्तेत अकरा आणि सोळा वर्षांची मुले शेजारी-शेजारी दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

शेवटच्या परीक्षेचे नावही काळानुसार बदलत गेले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. मॅट्रिक ही मुळात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती, शाळेचे शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र नव्हे, आणि तरीही जवळजवळ नव्वद वर्षे हायस्कूलचा सगळा अभ्यासक्रम तिच्या भोवती फिरत राहिला. जो विद्यार्थी कॉलेजात जाणारच नव्हता, त्यालाही कॉलेजच्या दारात उभे राहण्यापुरतेच शिक्षण मिळाले, ही त्या पद्धतीवरची टीका आम्हांला रास्त वाटते. मुंबई प्रांतात १९४८ मध्ये स्वतंत्र परीक्षा मंडळ निर्माण झाले आणि १९४९ पासून एस. एस. सी. परीक्षा सुरू झाली. पुढे महाराष्ट्र राज्याचे मंडळ १ जानेवारी १९६६ पासून अस्तित्वात आले.

त्यानंतरचा मोठा बदल १९७५ चा. दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा त्या वर्षी झाली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये झाली. जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकमेकींना लागून बाहेर पडल्यामुळे त्या एक-दोन वर्षांतील आपल्या शाळेच्या निकालाचे आकडे मागच्या-पुढच्या वर्षांशी सरळ ताडून पाहू नयेत. अनेक स्मरणिकांमध्ये निकालाचा आलेख या ठिकाणी अचानक उसळी घेतो आणि लेखक त्याचे श्रेय तत्कालीन मुख्याध्यापकांना देऊन मोकळे होतात.

प्रश्न : आमचे गाव पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. शाळेचे १९४८ पूर्वीचे जे थोडे कागद आहेत, ते उर्दूत आहेत आणि त्यांवरील साले १३४० च्या आसपासची आहेत. त्यांचा अर्थ कसा लावावा आणि अधिक माहिती कोठे मिळेल?
(एक शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : ती साले फसली, म्हणजे महसुली कारभारात रूढ असलेल्या कालगणनेतील, आहेत. हैदराबाद संस्थानातील फसली सालात सर्वसाधारणपणे ५९० मिळवले की इसवी सन मिळते. मात्र तेथील फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस, आजूर महिन्याने सुरू होत असल्याने एका फसली सालात दोन इसवी सनांचे तुकडे येतात. उदाहरणार्थ, १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. महिना दिलेला असेल तर तो पाहिल्याशिवाय इसवी सन लिहू नये, एरवी एका वर्षाची चूक हमखास होते. इतिहास लिहिणाऱ्यांनी हिजरी आणि फसली यांचीही गल्लत करू नये, कारण संस्थानी कागदांवर दोन्ही आढळतात आणि त्यांचे आकडे जवळजवळ असले तरी एक नसतात.

मराठवाड्यातील शाळांचा इतिहास पश्चिम महाराष्ट्राच्या साच्यात बसवण्याचा मोहही टाळावा. येथे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक हे केंद्र नव्हते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने सुरू झाले आणि सरकारी माध्यमिक शिक्षणही उर्दूतून दिले जाई, त्यामुळे घरी मराठी बोलणारे मूल शाळेत गणित आणि इतिहास उर्दूतून शिके. मराठी माध्यमाची खासगी शाळा काढणे हे अशा परिस्थितीत केवळ शैक्षणिक कार्य राहत नसे. परवानगी सहज मिळत नसे आणि सरकारची नजर कायम असे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, हा योगायोग नव्हे. या भागातील शाळा आणि मुक्तिलढा यांची माणसे बहुतेक वेळा एकच होती. म्हणूनच आपल्या शाळेत १९३८ नंतरच्या दहा वर्षांत कोण शिक्षक आले आणि कोण एकाएकी निघून गेले, याची यादी करावी. ती हजेरीपत्रकावरून आणि पगारपत्रकावरून करता येते आणि तीतून जे दिसते ते कोणत्याही भाषणातून दिसणार नाही.

संस्थानाचे दप्तर मुख्यतः हैदराबाद येथील राज्य अभिलेखागारात आहे आणि त्यातील बराच भाग उर्दू व फारसीत आहे. तेथे जाण्यापूर्वी आपल्या गावातील उर्दू वाचणाऱ्या एखाद्या जाणत्या गृहस्थांकडून शाळेतील कागद वाचवून घ्यावेत, म्हणजे विभागाचे नाव आणि पत्राचा क्रमांक हाती येतो आणि शोध सोपा होतो. सप्टेंबर १९४८ नंतरचे आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात येईपर्यंतचे कागदही हैदराबाद राज्याच्याच कारभारातील आहेत, हे विसरू नये. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर विदर्भातील शाळांचा जुना पत्रव्यवहार मध्यप्रांत व वऱ्हाडच्या, म्हणजे नागपूरच्या, प्रशासनाशी झालेला असे.

प्रश्न : शाळेच्या जनरल रजिस्टरात पहिल्या विद्यार्थ्यापासूनच्या नोंदी आहेत. त्यांची छायाचित्रे ग्रंथात छापावीत असा काहींचा आग्रह आहे. त्यात जातीचा रकाना असल्याने मला संकोच वाटतो. या रजिस्टराचा उपयोग इतिहासासाठी कसा करावा?
(संस्थेच्या एक विश्वस्त, पुणे जिल्हा)

उत्तर : आपला संकोच योग्य आहे. जनरल रजिस्टराची पाने छापू नयेत. त्यातील माणसांचे नातवंडे-पतवंडे आज गावात आहेत आणि आपल्या पणजोबांची जात, सोडून जाण्याचे कारण आणि वर्तणुकीचा शेरा छापून यावा, अशी परवानगी त्यांनी दिलेली नाही. परंतु शाळेच्या इतिहासाचे सर्वांत समृद्ध साधन हेच आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की, शताब्दी ग्रंथांत अध्यक्ष, कार्यवाह आणि मुख्याध्यापक यांच्या याद्यांना जेवढी पाने मिळतात, त्याच्या दहावा हिस्साही या रजिस्टराला मिळत नाही.

नावे न छापता मोजणी करावी. प्रवेश दिनांक, इयत्ता, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचा दिनांक आणि कारण हे रकाने जवळजवळ सर्वत्र असतात, आणि काही ठिकाणी पालकाचा व्यवसायही असतो. सगळी वर्षे घेणे जमणार नसेल तर दर दहाव्या वर्षाचे प्रवेश घ्यावेत आणि चार गोष्टी पाहाव्यात : मुली किती, कोणत्या समाजांतील मुले किती, गावाबाहेरून येणारी किती, आणि किती जणांनी शेवटची इयत्ता गाठण्यापूर्वीच शाळा सोडली. शेवटचा आकडा सहसा कोणी काढत नाही. मॅट्रिकला बसलेल्या मुलांचा निकाल मोठ्या अभिमानाने सांगितला जातो, पण त्यांच्याबरोबर इंग्रजी पहिलीत आलेल्यांपैकी कितीजण तेथपर्यंत पोहोचले, हे कळल्याशिवाय त्या निकालाला काही अर्थ नाही.

आकड्यांच्या मागची परिस्थितीही सांगावी लागेल. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि ते प्रकरण सरकारदरबारी गाजले. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांच्या पैशातून वरच्या वर्गांचे शिक्षण चालते आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण मात्र उपेक्षित राहते, असा आक्षेप घेतला. त्याच आयोगाने माध्यमिक शिक्षण शक्य तितके खासगी संस्थांकडे सोपवून सरकारने त्यांना अनुदान द्यावे, अशी दिशा सुचवली. गावागावांत खासगी हायस्कुले उभी राहण्यामागे लोकांचा उत्साह होता तसेच हे सरकारी धोरणही होते. खासगी संस्था म्हणजे ज्यांच्याकडे आधीच शिक्षण, पैसा आणि वेळ होता त्यांची संस्था, त्यामुळे सुरुवातीच्या दशकांतील रजिस्टरे बहुतांशी एका-दोन जातींच्या मुलांची असणे अपेक्षितच आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या प्रस्तावाने सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात असे ठरवले. आपल्या रजिस्टरात त्यानंतर किती वर्षांनी फरक दिसतो, हे पाहावे. तो ताबडतोब दिसला नाही तरी तसेच लिहावे. ‘आमच्या शाळेत कधीच भेदभाव नव्हता’ हे वाक्य रजिस्टर न उघडता लिहिले जाते, ते आपण लिहू नये.

मुलींबाबतही असेच आहे. पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाले, पण तालुक्याच्या ठिकाणी स्वतंत्र कन्याशाळा परवडत नसल्याने मुलींनी मुलांच्याच शाळेत बसावे की नाही, हा वाद पुढे कितीतरी वर्षे चालला. पहिल्या मुलीचा प्रवेश क्रमांक आणि दिनांक रजिस्टरात मिळतो. ती कोणत्या इयत्तेत आली आणि किती महिने टिकली, हेही मिळते.

दोन व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. १ जून ही जन्मतारीख आपल्याला शेकड्याने आढळेल. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने आणि घरी नेमकी तारीख ठाऊक नसल्याने मास्तरच ती घालत. तिच्यावरून वयाचे बारीक हिशेब करू नयेत. दुसरे असे की, या रजिस्टरावर पेन्सिलचीही खूण करू नये. जात पडताळणीत जुन्या शालेय नोंदींना मोठे महत्त्व आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव, म्हणजे पडताळणीसाठी ठरवून दिलेल्या, दिनांकांपूर्वीचे कागद मागितले जातात, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठीही हीच रजिस्टरे तपासली गेली आहेत. म्हणून एकदा नीट छायाचित्रे काढून घ्यावीत, मोजणीचे काम त्यांवरून करावे आणि मूळ रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात राहू द्यावे.

प्रश्न : आमची शाळा गेल्या काही दशकांतील आहे आणि विनाअनुदानित म्हणून सुरू झाली. शिला नाही, देणगीदाराचा पुतळा नाही, नामवंत माजी विद्यार्थीही अद्याप नाहीत. अशा शाळेचा इतिहास लिहावा का?
(एक सहायक शिक्षक, जळगाव जिल्हा)

उत्तर : अवश्य लिहावा, आणि लवकर लिहावा. जुन्या शाळांचे संस्थापक आपल्याला कागदातून भेटतात, आपले संस्थापक आणि पहिले शिक्षक अजून बोलू शकतात.

आपल्या शाळेच्या इतिहासाचा कणा अनुदान हाच असेल. अनुदानित शाळेत शासन मान्य पदांचा पगार देते. विनाअनुदानित शाळेत तो संस्थेने द्यायचा असतो आणि पुष्कळ ठिकाणी तो नाममात्र मिळे किंवा मिळतच नसे. २००१ नंतर नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ अशी परवानगी मिळू लागली, म्हणजे पुढे कधीही अनुदान मागायचे नाही, या अटीवर. त्यातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये शाळांपुरता काढून टाकण्यात आला. नंतर मूल्यांकन, पात्र शाळांच्या याद्या आणि टप्प्याटप्प्याने मिळणारे अनुदान असा क्रम सुरू झाला, आणि त्यासाठी शिक्षकांनी केलेली आंदोलने आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. आपल्या शाळेला कोणत्या आदेशाने कोणता टप्पा मिळाला, त्या आदेशांच्या प्रती एकत्र कराव्यात. पहिल्या शिक्षकांच्या नेमणुकीचे आदेश, वैयक्तिक मान्यतेची पत्रे आणि हजेरीपट यांवरून कोणी किती वर्षे पगाराविना शिकवले, हे सिद्ध करता येते. त्या काळात त्यांचे घर कसे चालले, हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल : शेतमजुरी, शिकवण्या, दुकानातील हिशेब, पत्नीची अंगणवाडीतील नोकरी. ते सांगायला तयार असतील तर नाव घालून लिहावे, नसतील तर नावाशिवाय लिहावे.

मुलाखती घेताना ध्वनिमुद्रण करावे, दिनांक व स्थळ नोंदवावे आणि मजकूर छापण्यापूर्वी संबंधितांना वाचून दाखवावा. कागद जमवण्यासाठी पुढील क्रम सोयीचा ठरेल : शाळेला प्रथम परवानगी देणारा शासन निर्णय, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांची प्रथम मान्यता आणि इयत्तावाढीची पत्रे, मंडळाकडून मिळालेला सांकेतिक क्रमांक, संस्थेच्या सभांचे इतिवृत्त, जागेचा सातबारा किंवा भाडेकरार, आणि तपासणीचे शेरेबुक. शेरेबुक शेवटी लिहिले असले तरी ते सावकाश वाचावे. छपरातून पाणी गळते, प्रयोगशाळेत तराजू नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, असे जे दोष तपासणी अधिकाऱ्यांनी नोंदवले, ते कोणत्या वर्षी दूर झाले आणि त्यासाठी पैसा कोणी दिला, हे पुढच्या शेऱ्यांशी ताडून पाहिले की आपल्या शाळेच्या वाढीची अर्धीअधिक हकीकत तयार होईल.

ग्रंथ छापून झाल्यावर एक प्रत जिल्हा ग्रंथालयाला आणि एक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला द्यावी. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मात्र किमान दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावे, आणि त्यांपैकी एक ठिकाण शाळेबाहेरचे असावे.